कांदाटी खोऱ्यात अठरा पावसाळे उभा असलेला निसान वन-टन: आधी ब्रेक, मग इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेला निसान वन-टन ट्रक कोयना जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील तुमच्या घरामागे आंब्याखाली २००७ च्या पावसाळ्यापासून उभा आहे. त्याची चाके रिमपर्यंत मातीत रुतली आहेत, घरी वीज आहे पण भरवशाची नाही, आणि तुमच्याकडे मे महिन्यातले दहा दिवस व मदतीला दोन मित्र आहेत. बॅटरी, प्लग आणि पेट्रोल घेऊन गेलो तर तो चालू होऊन रघुवीर घाटाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला उतरेल का, असे तुम्ही विचारले आहे. पुढे त्यात डिझेल इंजिन बसवण्याचा विचारही तुम्ही कळवला आहे.

इंजिन बहुधा चालू होईल. तरीही त्या ट्रकने स्वतःच्या बळावर घाट उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या लष्करी गाड्यांवर मी अठ्ठावीस वर्षे काम करत आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गाड्या रानातून, शेतातून किंवा बंद पडलेल्या खाणीच्या आवारातून बाहेर काढलेल्या आहेत. अशा जागी जाऊन गाडी पूर्ण दुरुस्त करायची नसते. ती मोकळी फिरेल, वळेल आणि थांबेल, एवढेच तिथे करायचे आणि बाकीचे सगळे काम कारखान्यात आणायचे. इंजिनाचा आवाज ऐकण्याची घाई हे या कामातले सर्वांत मोठे नुकसानीचे कारण आहे, म्हणून माझ्या उत्तराचा क्रम तुमच्या प्रश्नाच्या क्रमाच्या उलट आहे.

गाडीला हात लावण्यापूर्वी कागद शोधा. आजोबांच्या नावाचे नोंदणीपुस्तक, लिलावाची पावती किंवा ताबापत्र, आणि चासीवर कोरलेला क्रमांक या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. गंजलेल्या चासीवरचा क्रमांक तारेच्या ब्रशने घासू नका, कारण अक्षरेच निघून जातात. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने हळूहळू पुसून, बाजूने तिरपा उजेड टाकून त्याचा फोटो घ्या. आजोबा हयात नसतील तर वारसाच्या नावे हस्तांतरण नमुना ३१ ने करावे लागते. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर फिटनेस प्रमाणपत्राशिवाय तिची नोंदणी कायद्याने वैध धरली जात नाही. खासगी असेल तर पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण लागते. बिगरव्यावसायिक गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, मात्र अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. तुमच्या गाडीचे आज यांपैकी काहीच वैध नसणार आणि विमाही नसणार, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर ती चालवण्याचा प्रश्न इथेच संपतो. तुमचे घर कोयना अभयारण्याच्या आसपास आहे. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट वनखात्याच्या हद्दीतून जात असेल, तर गाडी ओढण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

मे महिना मला या कामासाठी पसंत नाही. जमीन कोरडी असते हे खरे, पण वळवाचा पाऊस कधीही येतो, आणि पावसाळ्यात दरडी कोसळून रघुवीर घाट बंद झाला तर उघडलेली गाडी चार महिने तशीच भिजत राहते. दिवाळीनंतर दोन दिवसांची पाहणीची फेरी करा आणि खरे काम फेब्रुवारी–मार्चमध्ये ठेवा. गवत तेव्हा वाळलेले असते, म्हणून गाडीभोवतीचा पंधरा-वीस फुटांचा पट्टा आधी साफ करून घ्या. कार्बुरेटरमधून एक उलटा भडका उडाला तरी वाळलेले गवत पेटायला तेवढा पुरतो. अग्निशामक नळकांडे आणि ओल्या गोणपाटांची रास हाताशी असावी.

पाहणीच्या फेरीत एकही नट सोडू नका. लांब काठीने बॉनेट, सीटखालची जागा आणि एअर क्लीनरची आजूबाजू हलवून बघा. फुरसे, घोणस आणि गांधीलमाशी या तिन्हींना अशी सावलीची जागा आवडते, आणि जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही हा नियम सर्वांनी पाळावा. त्यानंतर एक हातोडी घेऊन चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे ठोकत जा. चांगले लोखंड ठण्ण वाजते, आतून खाल्लेले लोखंड भद्द आवाज करते आणि पापुद्रे सोडते. हौद्याच्या लाकडी फळ्या चासीवर जिथे बसतात तिथे, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरच्या रिव्हेटांपाशी आणि पाने साचून राहिलेल्या आडव्या पट्ट्यांवर विशेष लक्ष द्या. दारे, मडगार्ड आणि केबिनची जमीन कुजलेली असेल तर त्याची चिंता नको, कारण पत्रा पुन्हा बनवता येतो. चासी हँगरपाशी मोडकी असेल तर मात्र गाडी ओढतानाच ती वाकेल, आणि तेव्हा योजना पूर्ण बदलावी लागेल.

आता ओळखीचे थोडे. जबलपूरच्या वाहन निर्माणीतून लष्करासाठी शक्तिमान ट्रक, निसान वन-टन आणि जीपसारखी जोंगा अशा तीन गाड्या पिढ्यानपिढ्या निघाल्या. वन-टन आणि जोंगा यांचे पेट्रोल इंजिन एकच: निसानचे सहा सिलिंडरचे, ३९५६ सीसीचे, ८५.७ मिलिमीटर बोअर आणि ११४.३ मिलिमीटर स्ट्रोकचे. लांब स्ट्रोकचे हे इंजिन सावकाश फिरणारे आणि सोशिक आहे. जोंगा १९९९ पर्यंत बनत राहिल्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात, आणि माझ्या मते तुमच्या बाजूची ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. जबलपूर, हरियाणातील मंडी डबवाली आणि मुंबईत कुर्ला, या तीन ठिकाणी शोध घेतल्यावर मला क्वचितच रिकाम्या हाताने परतावे लागले आहे. ऑइल सील आणि बेअरिंग यांसाठी मात्र गाडीच्या नावाने विचारत बसू नका. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने मोजून घ्या, म्हणजे कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात तो माप पाहून काढून देतील.

कामाच्या फेरीत पहिले दोन दिवस चाकांना द्या. मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने हिसडून काढणे ही नेहमीची चूक आहे. चाके जाम असताना ओढली की पाट्यांचे बोल्ट तुटतात, नाहीतर हाउसिंगच (ॲक्सलचे कवच) जागेवरून सरकते. पहारीने चाकांभोवतीची माती मोकळी करा, जाड फळीवर पाच टनी बाटली-जॅक ठेवून एक-एक चाक उचला आणि खाली लाकडी ठोकळ्यांची चौकट रचा. तांबड्या मातीत जॅक थेट टेकवला तर भार आल्यावर तो तिरपा होऊन निसटतो. इथे एक धोका नीट समजून घ्या. त्या पिढीच्या लष्करी गाड्यांत हँडब्रेक अनेकदा चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक जमिनीवरून उचलले की डिफरन्शियल मोकळे फिरते आणि ओढलेला हँडब्रेक निरुपयोगी होतो. म्हणून हँडब्रेकवर विसंबू नका, उरलेल्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावा आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जाऊ नका.

चाक काढताना डाव्या बाजूच्या स्टडच्या टोकावर एल अक्षर कोरलेले दिसले, तर तिथले नट उलट्या आट्याचे आहेत असे समजा. मी शिकत असताना असे तीन स्टड मोडून मग शहाणा झालो. चाकाची डिस्क (टायर बसतो ती लोखंडी चकती) दोन तुकड्यांची, मध्ये बोल्टांनी जोडलेली असेल, तर टायरमध्ये हवा असताना त्या मधल्या बोल्टांना पाना लावायचा नाही. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. रिंगवाल्या डिस्कलाही हेच लागू आहे. हवा भरताना उडालेली रिंग माणसाचा जीव घेते, म्हणून जुने टायर तिथे फुगवण्याच्या भानगडीत न पडता खेडहून चालत्या स्थितीतले चार टायर आणि नव्या ट्यूब बसवून आणाव्यात.

ब्रेकचा ड्रम निघत नसेल तर ब्रेकचे बूट (शू) गंजाने ड्रमला चिकटलेले असतात. ॲडजस्टर मागे फिरवून बूट सैल करा, ड्रमच्या कडेवर गोल फिरत हातोडीने हलके ठोके द्या आणि पहारीने उचकटण्याचा मोह आवरा, कारण ओतीव लोखंडाला तडा जातो. ड्रम निघाल्यावर व्हील सिलिंडरची रबरी टोपी बाजूला सारून आत पाहा. कित्येक वर्षे उभ्या असलेल्या गाडीत तिथे साधारण एकच दृश्य असते: तांबूस-तपकिरी चिकट साका, त्यात अडकलेला पिस्टन आणि तो बाहेर काढल्यावर सिलिंडरच्या खालच्या बाजूला गंजाने पडलेले मोहरीएवढे खड्डे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तो ओलावा सर्वांत खालच्या जागी साचतो, त्यामुळे हे खड्डे कायम तळाशीच असतात. नखाला खड्डा लागला की त्या सिलिंडरमध्ये नवे किट टाकून उपयोग नाही, कारण नवे रबर पंधरा दिवसांत कापले जाते. तो सिलिंडर बदला किंवा आतून स्लीव्ह टाकून घ्या. मास्टर सिलिंडर, तिन्ही-चारी रबरी होज आणि पोलादी नळ्याही नव्या घाला. नळ्या बाहेरून ठीक दिसतात आणि आतून गंजतात, आणि या गाड्यांची ब्रेक यंत्रणा एकेरी असल्याने एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. हे काम तिथे अर्धवट करायचे नाही. चाके मोकळी फिरत आहेत आणि पेडल दाबल्यावर चारही घट्ट धरत आहेत, हे दिसेपर्यंत इंजिनाकडे वळू नका.

याच वेळी पुढच्या व मागच्या हाउसिंगचे, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे तेल सोडून पाहा. ब्रीदर (हवा जाण्याचे छिद्र) बुजलेला असेल तर आत पाणी शिरलेले असते आणि तेल ताकासारखे पांढुरके होते. असे असल्यास स्वस्त तेल भरून, गाडी ढकलून थोडी हलवून, तेही सोडून द्या आणि मग नवे भरा.

इंजिनाची सुरुवात तळापासून करावी. सकाळी, गाडी हलवण्याआधी, संपचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) ड्रेन प्लग अगदी सावकाश सैल करा आणि खाली काचेची बरणी धरा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसलेले पाणी आधी येते. बरणीत काय क्रमाने आले यावरून मला इंजिनाची अर्धी कथा कळते. चमचाभर पाणी म्हणजे हवेतला ओलावा, तो चालतो. अर्धा लिटर पाणी आले तर एअर क्लीनरमधून पाऊस शिरला आहे किंवा हेडचे गॅस्केट गेले आहे. तेलाला पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला आहे. काहीही आले तरी संप उतरवाच. पुढचे हाउसिंग आड येते, म्हणून चासी उचलून ते खाली लोंबू द्यावे लागते आणि त्यात एक दिवस जातो, पण त्या दिवसाची काटकसर करू नये. काही वर्षांपूर्वी राधानगरीच्या बाजूला एका जोंगाच्या मालकांनी मी पोचण्याआधीच तेल बदलून इंजिन चालू केले. ते दहा मिनिटे सुरेख चालले आणि मग खालून ठोके येऊ लागले. संप उघडला तेव्हा तळाशी बोटभर काळा चिखल होता आणि पंपाची जाळी त्याने पूर्ण लिंपलेली होती. क्रँकशाफ्ट ग्राइंड करून नवी बेअरिंगे घालेपर्यंत त्यांचे पाच महिने गेले.

प्लग काढण्याआधी खाचांतली माती फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. सहाही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे एटीएफ तेल आणि ॲसिटोन यांचे समप्रमाणातले मिश्रण साधारण चाळीस मिलिलिटर ओता आणि किमान दोन रात्री तसेच राहू द्या. ॲसिटोन पटकन पेटते, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको. त्यानंतर टॅपेट कव्हर काढा. एकाने हँडल किंवा क्रँकच्या नटावर लांब पाना लावून इंजिन मागे-पुढे थोडे थोडे डोलवावे आणि दुसऱ्याने बाराही व्हॉल्व्हकडे पाहत राहावे. दाबला गेलेला व्हॉल्व्ह वर आला नाही आणि रॉकर सैल पडला, तर व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकला आहे. तो वरून तेल सोडून, हलक्या ठोक्यांनी मोकळा करा. बंद स्थितीत अडकलेला व्हॉल्व्ह अधिक वाईट, कारण जोर लावत राहिलात तर पुशरॉड वाकतो. इंजिन फिरतच नसेल तर आणखी मिश्रण घालून आणखी थांबा. जाम इंजिन गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढल्यास कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि असे वाकलेले रॉड मी इतके पाहिले आहेत की या एका गोष्टीविषयी मी कोणाशीही तडजोड करत नाही. पुढे कधी प्लग लावून हँडल मारायची वेळ आली, तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका आला तरी मनगट वाचेल.

पेट्रोलची टाकी त्या फेरीत वापरायचीच नाही. अठरा वर्षांचे पेट्रोल आटून राळ होते, त्याला जुन्या व्हार्निशचा वास येतो, आणि तीच राळ कार्बुरेटरच्या जेटमध्ये व पंपाच्या झडपांत बसलेली असते. पाच लिटरच्या धातूच्या डब्यातून, मध्ये फिल्टर घालून, तात्पुरती लाइन घ्या आणि डबा मॅनिफोल्डपासून दूर, पक्का बांधा. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही, म्हणून पंपाचा पडदा आणि सर्व पाइप इथेनॉल सोसणाऱ्या जातीचेच आणा. एअर क्लीनर तेलाच्या भांड्याचा असेल तर तो उतरवून साफ केल्याशिवाय इंजिन फिरवू नका. मी एकदा त्यातून भाताच्या तुसाचे आणि गोधडीच्या चिंध्यांचे उंदराचे अख्खे घरटे काढले होते, आणि इंजिन चालू केले असते तर ते सरळ कार्बुरेटरच्या घशात गेले असते.

विजेचे काम तात्पुरते ठेवा. स्टार्टर आणि डायनामोवरच्या पट्ट्या वाचून गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे आधी ठरवा. जुन्या वायरिंगचे रबर हातात घेतले की बिस्किटासारखे तुटते, त्यामुळे पूर्ण वायरिंगला बॅटरी जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. जुनी सगळी जोडणी सोडा, फ्यूज आणि कट-आउट स्विच घालून फक्त कॉइल व स्टार्टरला नव्या वायरी द्या. डिस्ट्रिब्युटरमधले सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा आणि कंडेन्सर नवा टाका. रेडिएटर सोडून, पाणी तांबडे यायचे थांबेपर्यंत धुवा. नंतर प्लग न लावता स्टार्टर फिरवून ऑइल गेजचा काटा वर येतो का पाहा. तो आला, तरच प्लग लावा. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली आढळेल. पेडल दाबून लाकडाचा ठोकळा अडकवून रात्रभर ठेवले की बऱ्याचदा ती सुटते. सुटली नाही तर तो खटाटोप कारखान्यासाठी राखून ठेवा.

बाहेर काढण्याच्या मार्गाविषयी. तापोळ्याकडून तराफ्याने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडण्याचा विचार तुमच्या मनात असेल, पण रिकाम्या वन-टनाचे वजन जीपगाडीच्या कितीतरी पुढे जाते. शिवाय उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर काठाचा लांब, चिखलाचा उतार उघडा पडतो. ज्या गाडीच्या ब्रेकवर अजून शंभर किलोमीटरही विश्वास बसलेला नाही, ती मी त्या उतारावर नेणार नाही. तुमच्या आवारातून शिंदी गावाच्या बाजूच्या ज्या डांबरी टप्प्यापर्यंत मालवाहू गाडी येते, तिथवर ट्रक नव्या ब्रेकवर, हळू, ट्रॅक्टरच्या मागे न्या. जोडणी चासीच्या हुकालाच करा, बंपरला नको. तिथून रघुवीर घाट तो ट्रेलरवर, चारही चाके साखळदंडाने बांधून उतरू द्या.

डिझेल इंजिन बसवण्याचा तुमचा विचार सध्या बाजूला ठेवा. गाडीत असा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, आणि मूळ इंजिन मोकळे फिरत असेल तर मी ते कधीच काढणार नाही.

पाहणीची फेरी झाली की मला चार फोटो पाठवा: चासीचा क्रमांक, मागच्या पाट्याचे दोन्ही हँगर, डिस्कची बाहेरची बाजू आणि ट्रान्सफर केसच्या मागचा भाग. हँडब्रेकचा ड्रम तिथेच आहे की नाही हे त्या शेवटच्या फोटोवरून सांगता येईल, आणि सामानाची यादी त्यावरून ठरवू.